चोवीस वर्षं फौजेत काय केलं, ते बायोडाटात कसं लिहायचं?

खटावकर_जीडी
९ नोव्हेंबर २०२५, पहाटे ५.१०

राम राम मंडळी,

इथं सहा-सात वर्षं नुसता वाचतोय. पोस्टिंगवर नेटवर्क मिळालं की एका हातात चहाचा मग आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात इथले पाककृतींचे धागे. लिहितोय पहिल्यांदाच. इतकी वर्षं हिंदीत गेल्यामुळं मराठी जरा गंजलंय, सांभाळून घ्या.

३१ जानेवारीला सुटून घरी आलो. मराठा लाइट इन्फंट्री, हवालदार. २००१ मध्ये बेळगावला सेंटरवर काळी ट्रंक ठेवली तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आता त्रेचाळीस. गाव खटाव तालुक्यात. जमीन सव्वा एकर, तीही दोन भावांत, म्हणजे काय पिकत असेल ते समजून घ्या. मुलगी बारावीला, मुलगा आठवीला. पेन्शन आहे. पैसे नाहीत म्हणून रडायला आलेलो नाही, हे आधीच सांगतो म्हणजे पुढची वादावादी वाचेल.

आमच्या भागात मिलिट्रीतला माणूस म्हणजे 'मेजर'. शिपाई असो नाहीतर सुभेदार, गावाला सगळे मेजरच. खऱ्या मेजर साहेबांनी ऐकलं असतं तर माझी पेशीच लागली असती. सुटून आलो तेव्हा पहिला महिना पारावर, डेअरीवर, सोसायटीत सगळीकडं मेजर-मेजर. दुसऱ्या महिन्यात "मग मेजर, आता काय करताय?" तिसऱ्या महिन्यापासून कुणी विचारत नाही. ते विचारत होते तेच बरं होतं.

एप्रिलमध्ये वडूजला एका नेट कॅफेत बायोडाटा करायला गेलो. चालवणारं पोरगं विशीतलं, स्वभावानं चांगलं. नाव, पत्ता, जन्मतारीख भरली, शिक्षण बारावी. मग म्हणालं, "काका, स्किलमध्ये काय टाकू?" मी गप्प. डोक्यात आली ती ८१ एमएम मॉर्टर. बेसप्लेट कशी बसवायची, अंधारात नुसत्या हातानं साइट कशी लावायची, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. पण ते वडूजच्या नेट कॅफेत काय म्हणून सांगायचं? मागं दोन जण झेरॉक्सला उभे. शेवटी त्यानं कुणाच्या तरी फाइलमधून उचलून चिकटवलं: हार्डवर्किंग, ऑनेस्ट, टीम प्लेयर. खाली हॉबी: क्रिकेट, गाणी ऐकणे. तीस रुपये घेतले. घरी येऊन वाचलं तर वडिलांचं नावही त्या दुसऱ्याच माणसाच्या वडिलांचं राहिलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फौजेत क्लार्क, ड्रायव्हर, टेक्निकल, नर्सिंग असे ट्रेड असतात. बाकी सगळे सोल्जर जीडी, जनरल ड्यूटी. पडेल ते काम. माझ्या नावातलं जीडी ते हे.

जूनमध्ये पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीत लागलो. एजन्सीनं शिट्टी, पट्टा आणि दोन नंबर मोठी टोपी दिली. बारा तास ड्यूटी. ड्यूटीचं काही वाटलं नाही, पोस्टवर उभं राहणं हेच तर केलंय. पण तिथं उभं राहणं कमी आणि कुरिअरचे डबे सांभाळणं जास्त. सुपरवायझर चोवीस वर्षांचा, म्हणजे मी भरती झालो त्या साली जन्मलेला. तोही बिचारा काही वाईट नव्हता. एकदा रात्री एका गाडीला स्टिकर नव्हता म्हणून थांबवली. साहेब फ्लॅटमालक निघाले. म्हणे वॉचमन अंगावर ओरडला. मी ओरडलो नव्हतो, मी नेहमीसारखाच बोललो होतो. दोन तक्रारी झाल्या आणि तिसऱ्या महिन्यात मीच राम राम केला. पीएफ कापलेला, तो भरलेला दिसत नाही.

घरी आहे. साडेचारला जाग येते. दाढी, अंघोळ, बूट. बूट घालून झाले की मग जायचं कुठं हा प्रश्न. इतकी वर्षं उद्या काय करायचं ते संध्याकाळी रोलकॉलला कळायचं. फौजेत असताना त्याच रोलकॉलला शिव्या घालायचो.

तर प्रश्न एवढाच. माझ्यासारख्या जीडीला सिव्हिलमध्ये काय करता येतं, आणि ते कागदावर काय नावानं लिहायचं? अनुभव असेल त्यांनी सांगा. कुणाचा नातेवाईक सुटून आला असेल तर त्याचं काय झालं तेही सांगा.


चहाबाज
९ नोव्हेंबर, ७.४२

पहाटे पाच दहाला धागा! बाकी ओळखपत्र दाखवायची गरजच नाही.
वाचतोय.


दर्यावर्दी
९ नोव्हेंबर, ९.१५

खटावकर, जय हिंद. मी नेव्हीवाला, पंधरा वर्षं पूर्ण करून २०१४ ला बाहेर. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकलो, मग जहाजाच्या पोटात इंजिन रूम. तुम्हाला वाटत असेल ट्रेडवाल्यांचं बरं असतं. बरं असतं, पण लगेच नाही. डिझेल इंजिन मी डोळे मिटून उघडीन. पहिल्या मुलाखतीत विचारलं, सर्टिफिकेट कुठंय? माझ्याकडं डिस्चार्ज बुक. तो माणूस ते उलटंसुलटं बघतोय, रेशनकार्ड बघावं तसं.

शेवटी ओळखीनं एका कारखान्यात जनरेटरवर हेल्पर लागलो. हेल्पर! दोन वर्षांत शिफ्ट इन्चार्ज झालो ही गोष्ट वेगळी, पण ती दोन वर्षं घशाखाली उतरत नव्हती. चौतीस वर्षांचा माणूस, हाताखाली आठ जण सांभाळलेला, आणि पाना आणून दे म्हणून ऐकतोय.

जे अजून सर्व्हिसमध्ये आहेत त्यांना एकच सांगणं. केलेल्या प्रत्येक कोर्सचा कागद युनिटमधून सही-शिक्क्यानिशी हातात घ्या. सुटल्यावर तो मागायला कुणी ओळखीचं उरत नाही. आणि शेवटच्या वर्षी रिसेटलमेंटचे कोर्स मिळतात, ते सुट्टी समजून झोपा काढायला नसतात. मी झोपा काढल्या.


उंटावरचा_शहाणा
९ नोव्हेंबर, ११.०३

थोडं स्पष्ट बोलतो. त्रेचाळिसाव्या वर्षी पेन्शन, कॅन्टीन, आयुष्यभर मोफत उपचार, घरपट्टी माफ, पोरांना सीईटीत डिफेन्स कोटा, वर सरकारी नोकरीत आरक्षण. माझा बाप त्याच खटाव तालुक्यात बासष्टाव्या वर्षी टँकरच्या पाण्यावर डाळिंब जगवतोय, त्याला कोण मेजर म्हणतं? सैनिकांबद्दल आदर आहेच. पण "काय करू सुचत नाही" ही अडचण म्हणजे पोट भरल्यावरची अडचण आहे असं माझं मत.


चहाबाज
९ नोव्हेंबर, ११.०९

आलं. मी म्हणतच होतो, शंभरी गाठणार हा धागा.


खटावकर_जीडी
९ नोव्हेंबर, १.३०

शहाणे साहेब, राग नाही. माझा भाऊच शेतकरी आहे आणि त्याचे हाल मी रोज बघतो. तुमच्या वडिलांना माझा राम राम सांगा.

आरक्षणाचं तेवढं सांगतो. राज्यात गट क आणि ड मध्ये १५ टक्के, केंद्रात गट क मध्ये १० आणि ड मध्ये २०. वयात सवलत पण मिळते, सर्व्हिसची वर्षं अधिक तीन. दहावी पास आणि पंधरा वर्षं सर्व्हिस असेल तर केंद्राच्या गट क च्या बऱ्याच जागांना पदवीधर धरतात. हे सगळं खरं. पण परीक्षा द्यावीच लागते. मी ऑगस्टमध्ये एक दिली. कॉम्प्युटरसमोर बसलो, शेजारी तेविसाची पोरगी. तिची बोटं चालताहेत आणि मी माउसचा बाण हुडकतोय. गणितं सोडवायला घेतली तर रेल्वे आणि बोगदा. शेवटचं गणित बारावीत केलेलं.

पोट भरल्यावरची अडचण म्हणालात. असेल. अडचण आहे एवढं मात्र खरं.


एचआर_नव्हे_माणूस
९ नोव्हेंबर, ४.५१

मी चाकण भागात एका कंपनीत भरतीचं काम बघते. खटावकर, तुमचा धागा वाचून दोनदा कॉफी गार झाली.

दुसऱ्या बाजूनं सांगते. माझ्याकडे माजी सैनिकांचे बायोडाटा येतात. नव्वद टक्क्यांत एकच मजकूर: शिस्तप्रिय, प्रामाणिक, देशसेवा केली. आम्ही ते सिक्युरिटीच्या गठ्ठ्यात टाकतो. आमची चूक आहेच, पण आमच्यासमोर सहा सेकंद आणि चारशे अर्ज असतात. 'हवालदार' म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर चौकातला पोलीस येतो. हवालदार किती माणसं सांभाळतो हे मला तरी कुठं माहीत होतं?

म्हणून विचारते, आणि शिस्त-देशसेवा हे शब्द न वापरता उत्तर द्या.
मॉर्टर सोडून शेवटच्या पाच-सहा वर्षांत रोजचं काम काय होतं?
हाताखाली माणसं किती?
तुमच्या सहीवर कोणत्या वस्तू यायच्या-जायच्या?


खटावकर_जीडी
९ नोव्हेंबर, ८.२०

मॅडम, लिहितो.

मॉर्टर प्लाटूनमध्ये बरीच वर्षं. शेवटची तीन वर्षं सीक्यूएमएच, म्हणजे कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार. कंपनीत शंभरावर माणसं. त्यांचं राशन, कपडे, बिस्तरे, तंबू, तेल, शेगड्या, बुखाऱ्या, सगळं माझ्या लेजरवर. नवीन माणूस आला की इश्यू, गेला की जमा. फाटलं-तुटलं की बोर्ड बसतो, कंडेम होतं, त्याचे कागद. एका पोस्टिंगला थंडीत रस्ता बंद व्हायचा, तेव्हा चार-पाच महिन्यांचं सामान आधीच वर चढवून ठेवायचं. किती रॉकेल लागेल, किती डाळ, किती पीठ, सगळं अंदाजानं. कमी पडून चालत नाही. दर तीन महिन्यांनी मोजणी, वर्षातून एकदा मोठी तपासणी. एकदा चौदा मोजे कमी भरले होते, दोन रात्री झोप नाही. सापडले, लॉन्ड्रीत होते.

पण मॅडम हे काही स्किल नाही. हे सगळे सीक्यूएमएच करतात.


एचआर_नव्हे_माणूस
९ नोव्हेंबर, ८.३४

अहो!!

याला आमच्याकडे स्टोअर्स म्हणतात. इन्व्हेंटरी, इश्यू-रिसीट, स्टॉक ऑडिट, स्क्रॅप. रस्ता बंद व्हायच्या आधीचं सामान चढवणं, त्यावर लोक फी भरून डिप्लोमे करतात. तुम्ही तीस रुपयांत "गाणी ऐकणे" लिहून आलात. व्यक्तिगत निरोप (व्यनि) करते. आधी वडिलांचं नाव बदला.

एक वाईट बातमीही देते. तुमचं लेजर हातानं लिहिलेलं. इथं एक्सेल आणि कंपनीचं सॉफ्टवेअर. ते नसेल तर स्टोअर्स इन्चार्ज म्हणून कुणी घेणार नाही, असिस्टंट म्हणून घेतील. म्हणजे दर्यावर्दींचा हेल्पर.


दर्यावर्दी
९ नोव्हेंबर, ९.००

+१. पाना आणून द्या खटावकर, दोन वर्षांचा प्रश्न आहे.


वाड्यावरची
१० नोव्हेंबर, २.१०

सगळे नोकरीचं बोलताय, मी घराचं बोलते. माझे मिस्टर फौजेच्या सिग्नल कोअरमध्ये होते, २०१९ ला सतरा वर्षं करून आले.

लग्नानंतर सतरापैकी फॅमिली क्वार्टरमध्ये आम्ही साडेतीन वर्षं. बाकी मी इथं, सासू-सासरे, दोन मुलं. गॅस संपला, मी. तलाठी, मी. सासऱ्यांना रात्री दीडला दवाखान्यात नेलं, मी आणि शेजारचा रिक्षावाला. बोअर मारायला कुठं खोदायचं तेही मीच ठरवलं, पाणी लागलं. मग हे आले. पहिल्या आठवड्यात डब्यांवर लेबलं लावली. मुलांच्या दप्तरांची रविवारी तपासणी. मुलीला सहलीला जायचं होतं, ती यांच्यासमोरून चालत माझ्याकडे आली परवानगी मागायला. हे काही बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवले नाहीत नीट.

मला तेव्हा राग यायचा. माझ्या घरात कुणी पाहुणा येऊन फर्निचर हलवतोय असं वाटायचं. आता वाटतं, त्या माणसाला घरात करायला काही ठेवलंच नव्हतं मी. मग एक दिवस गॅस, लाइट बिल आणि सासऱ्यांच्या गोळ्या हे यांच्याकडे दिलं. दिलं म्हणजे खरंच दिलं, मध्ये बोलले नाही. गोळ्यांचा चार्ट भिंतीवर आहे अजून, वार आणि वेळेसकट.

आणि तो आवाज! खटावकर, तुम्ही म्हणता ओरडलो नव्हतो. आमचेही हेच म्हणतात. मीठ मागतात तेही परेड मैदानावर मागितल्यासारखं.


डॉ_माणगंगा
१० नोव्हेंबर, ९.४४

वाड्यावरच्या ताईंच्या शेवटच्या ओळीवर अडकलो. खटावकर, थेट विचारतो. कानात शिट्टीसारखा किंवा रातकिड्यांसारखा आवाज येतो का? टीव्हीचा आवाज घरचे कमी करतात आणि तुम्ही वाढवता असं होतं का?


खटावकर_जीडी
१० नोव्हेंबर, १०.०५

डाव्या कानात वाजतं. बरीच वर्षं झाली. मला वाटायचं सगळ्यांनाच वाजतं.
टीव्हीवरून रोज भांडण आहे.


डॉ_माणगंगा
१० नोव्हेंबर, १०.३१

सगळ्यांना नाही वाजत. मॉर्टर, तोफा, फायरिंग रेंज यांच्याजवळ वर्षं काढलेल्यांत हे नेहमीचं आहे. वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. त्यामुळं माणूस स्वतःला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलतो आणि समोरच्याला वाटतं हा चिडलाय. तुमचा तो फ्लॅटमालक, घरची मुलं, सगळे हेच समजत असतील. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची उपचार योजना) ईएनटीकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. इथं बसून निदान करत नाही, तपासा एवढंच म्हणतो. सुटतानाच्या मेडिकल बोर्डाच्या कागदांत कानाचं काय लिहिलंय तेही बघा.

साडेचारच्या जागेला औषध नको. पण रात्री दोनला जाग येऊन छाती धडधडत असेल, जुनं काही पुन्हा पुन्हा दिसत असेल, किंवा कॅन्टीनचा दारूचा कोटा महिन्याआधी संपत असेल, तर तो वेगळा विषय आहे. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. फौजींसाठी त्यांचा खास कक्षही पुण्यात एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झाला. माझ्याकडे येणारे फौजी आधी गुडघा दाखवतात. तिसऱ्या खेपेला झोपेचं सांगतात.

कुणी म्हणेल मुरलीकांत पेटकरांकडे बघा. सांगली जिल्ह्यातले, ईएमईचे जवान, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, १९७२ ला पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्ण. डोंगराएवढा माणूस. पण पेशंटला मी हे उदाहरण देत नाही. ऐकून तो मान डोलावतो आणि मग पुढची गोष्ट सांगायचीच राहते.


सुभेदार_निवृत्त
१२ नोव्हेंबर, ६.००

जय हिंद. नातवानं हा धागा वाचून दाखवला, तोच टाइप करतोय. मी २००९ ला सुटलो, सुभेदार, आर्टिलरी. डॉक्टर साहेब, माझेही दोन्ही कान गेलेत.

आपल्या साताऱ्यात भरतीचं सगळ्यांना सगळं माहीत. अपशिंगे मिलिटरी गाव बघा, पहिल्या महायुद्धात एका गावातले ४६ जण कामी आले. कोणत्या महिन्यात रॅली, छाती किती, पळायचं किती मिनिटांत, आमच्याकडं आजी पण सांगेल. सुटून आल्यावर पहिल्या वर्षी काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही. मी सांगतो, कारण मी सगळं चुकलो.

एक. सुटून आलेल्या माणसाला ग्रॅच्युइटी, फंड, विम्याचे पैसे आणि कम्युटेशन, म्हणजे विकलेल्या पेन्शनची रक्कम, एकदम मिळतं. त्याचा वास लागतो. माझ्या दारात पहिल्या महिन्यात सात जण आले. त्यात एक माझाच कोर्समेट. प्लॉटची स्कीम, पाच वर्षांत दामदुप्पट. चार लाख घातले. प्लॉट अजून बघितलेला नाही. बेटा, पहिलं एक वर्ष पैसा बँकेत एफडीत ठेव आणि कुणी विचारलं तर कर्ज फेडलं म्हणून सांग.

दोन. पेन्शन अर्धी विकता येते म्हणून सगळे अर्धी विकतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत चालू होतो. पंधरा वर्षं म्हणजे पोरांच्या शिक्षणाची नेमकी तीच वर्षं. घर बांधायला हात मोकळा होतो हे खरं, पण महिन्याला काय हातात येणार ते कागदावर मांडून मग सही करायची असते. माझी सही क्लार्कनं बोट ठेवलं तिथं.

तीन. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर आहे. आत जाऊन बायकोचं नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का ते आजच बघ. तू जिवंत आहेस तोवर कुणी विचारणार नाही. तू गेल्यावर तिला विचारतील. आपल्याकडं लग्नात नाव बदलतात, पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डला, एक जातं आणि आधारवर दुसरं. माझ्या शेजारच्या नाईकाची बायको दोन वर्षं फॅमिली पेन्शनसाठी हेलपाटे घालत होती. तिचं लग्नाआधीचं नाव तिलाच विसरायला झालं होतं.

चार. हा नोव्हेंबर आहे. हयातीचा दाखला दिला का?

नातू म्हणतो खूप झालं. जय हिंद.


खटावकर_जीडी
१२ नोव्हेंबर, ७.१५

साहेब, राम राम. दाखला दिलाय.

पण बायकोच्या नावाचं वाचून उठलो आणि लॉगिन केलं. रेकॉर्डला 'मंगल' आहे. २००६ ला मीच लिहून दिलेलं, सुट्टी संपवून गडबडीत, माहेरचं नाव. आधारवर शोभा. एकोणीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नाही. तिला सांगितलं तर म्हणाली, मंगलची पेन्शन मिळेल का शोभाला? मी म्हटलं मला मारायची घाई करू नको.

चूक माझीच आहे. अ‍ॅफिडेव्हिटपासून सुरुवात करतो.


वारणाकाठ
१३ नोव्हेंबर, १०.२२

विषय थोडा बाजूला नेतोय, माफी. माझा मुलगा अग्निवीर, पहिल्या बॅचचा. पुढच्या वर्षअखेरीस चार वर्षं होतात. चारात एकाला ठेवणार. बाकीच्यांना सेवानिधीचे ११ लाख ७१ हजारांच्या आसपास. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे ईसीएचएस, कॅन्टीन यातलं काहीच नाही. खटावकरांनी त्रेचाळिसाव्या वर्षी जो प्रश्न विचारलाय तो माझा पोरगा तेविसाव्या वर्षी विचारणार आहे. वय त्याच्या बाजूनं आहे, एवढाच दिलासा. फोनवर विचारलं तर म्हणतो, "पप्पा, मी पंचवीस टक्क्यांत असणार." त्याच्या बरॅकमधले सगळे हेच म्हणतात.


उंटावरचा_शहाणा
१३ नोव्हेंबर, ११.४०

वारणाकाठ, याबाबतीत मी तुमच्या बाजूनं. त्याला आत्तापासूनच पदवीला बसवा, सुट्टीत येईल तेव्हा नाही, आत्ता. मुक्त विद्यापीठ आहे. अग्निवीरांच्या ट्रेनिंगला पदवीच्या क्रेडिटमध्ये धरण्याची सोयही इग्नूत आहे, चौकशी करा.

खटावकर, तुमच्या राम रामाचा निरोप बापाला दिला. त्यांनी विचारलं, गाव कोणतं. मी म्हटलं नेटवर गाव सांगत नसतात.


संपादक_मंडळ
१३ नोव्हेंबर, १२.१५

अग्निपथ योजना चांगली की वाईट यावर तीन धागे आधीच आहेत, तिथं लिहावे. त्या विषयावरचे काही प्रतिसाद हलवले आहेत.


चहाबाज
१३ नोव्हेंबर, १२.१८

माझा हलवला. चांगला होता.


खटावकर_जीडी
२१ डिसेंबर २०२५, पहाटे ५.०२

धागा वर काढतोय. हालहवाल देतो म्हटलं.

मॅडमनी बायोडाटा पुन्हा लिहून दिला, दोन पानी. सीक्यूएमएच हा शब्द एकदाच कंसात आहे, बाकी सगळं स्टोअर्सच्या भाषेत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसऱ्याच माणसाचा वाटला, पण या वेळी वडील माझेच आहेत. त्यावर चार ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणाहून उत्तर नाही. एका ठिकाणी मुलाखतीत विचारलं, "तुम्ही ऑर्डर घेणारे लोक, इथं स्वतः निर्णय घ्यावे लागतात, जमेल का?" मी त्यांना बर्फात रॉकेल कमी पडल्यावर कोणते दोन निर्णय घेतले ते सांगितलं. त्यांनी कळवतो म्हटलं. अजून कळवतायत.

चौथं शिरवळच्या एमआयडीसीत एका गोदामात लागलं. असिस्टंट. पगार गेटवरच्यापेक्षा तीन हजारांनी जास्त, ड्यूटी आठ तास. घरून लांब पडतं म्हणून तिथंच खोली घेतलीय, शनिवारी रात्री घरी. बायको म्हणते परत पोस्टिंगवर गेलात. वरचा पोरगा अठ्ठावीसचा, 'काका' म्हणतो. एक्सेल मुलगी शिकवते, रविवारी, तिचा बारावीचा अभ्यास सांभाळून. मला तीनदा सांगावं लागतं, तिसऱ्यांदा ती माझ्यासारखीच मोठ्यानं सांगते. पहिल्या आठवड्यात एका रॅकमधला माल सिस्टीमपेक्षा नऊ नग जास्त भरला. सगळे म्हणाले जास्त आहे ना, मग सोडा. मला नाही सोडवलं. रात्री साडेनऊपर्यंत बसून हुडकलं, जुन्या रिटर्नची नोंदच झाली नव्हती.

कानाची टेस्ट झाली. डावा बराच गेलाय, उजवा थोडा. मशीनचं बघताहेत. कान गेलेत हे घरात सगळ्यांना कळल्यापासून पोरगं माझ्याजवळ बसून जेवतं.

साडेचारची जाग तशीच आहे.


वाड्यावरची
२१ डिसेंबर, ८.३०

वाचून बरं वाटलं. मंगलची शोभा झाली का?


खटावकर_जीडी
२१ डिसेंबर, ९.१२

नाही ताई. अ‍ॅफिडेव्हिट झालं, कागद पाठवले. आधारवर तिची जन्मतारीख पण वेगळी निघाली. आता तिच्या शाळेचा दाखला हुडकतोय. शाळा चौथीपर्यंतची, ती बंद होऊन बारा वर्षं झाली. रजिस्टर दुसऱ्या गावच्या शाळेत आहे म्हणतात, मंगळवारी रजा टाकून जातोय.